क्रोमच्या ओळीत मोझिला, सफारी आणि केएचटीएमएल काय करतात?

प्रश्न असा आहे: "अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये आमची साइट नीट दिसते, आयफोनवरच्या क्रोममध्ये मोडते. दोन्ही क्रोमच ना? शिवाय सर्व्हरच्या लॉगमध्ये क्रोमची यूजर एजंटची ओळ पाहिली, तर तिच्यात मोझिला, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, गेको, सफारी असे सगळेच बसलेत. हे काय प्रकरण आहे?"

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देतो. आयफोनवरचं क्रोम बाहेरून क्रोम, आतून सफारी. ॲपलच्या नियमामुळे आयफोनवर ब्राउझर कोणाचाही असो, पान रंगवायचं काम ॲपलच्या वेबकिट इंजिनालाच द्यावं लागत आलंय. युरोपीय संघात मार्च २०२४ मध्ये आयओएस १७.४ बरोबर ही सक्ती कायद्यामुळे सैल झाली, पण तुमचे ग्राहक ठाण्या-दादरचे असतील तर त्याचा तुम्हाला उपयोग नाही. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये मात्र गूगलचं ब्लिंक असतं. म्हणजे तुम्ही एकाच नावाच्या दोन वेगळ्या इंजिनांवर साइट चालवताय. ही दोन इंजिनं एकेकाळी एकच होती, आणि ती का वेगळी झाली हे कळलं की लॉगमधली ओळही आपोआप वाचता येते.

यूजर एजंटची ओळ म्हणजे ब्राउझर साइटला स्वतःची ओळख सांगतो ती. ती साधारण अशी असते: मोझिला/५.०, मग कंसात ऑपरेटिंग सिस्टीम, मग ॲपलवेबकिट/५३७.३६ (केएचटीएमएल, लाइक गेको), मग क्रोमचा आकडा, शेवटी सफारी/५३७.३६. हा सातबाऱ्याचा उतारा समजा. पणजोबा जाऊन तीस वर्षं झाली तरी नाव कमी करायला कोणी तलाठ्याकडे जात नाही, कारण काढलं आणि कुठे अडलं तर निस्तरणार कोण? मोझिला हे नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझरचं आतलं नाव. नव्वदीत काही साइट्स हे नाव दिसलं तरच फ्रेमवालं चांगलं पान द्यायच्या, म्हणून इंटरनेट एक्स्प्लोररनेही स्वतःला मोझिला म्हणवून घेतलं, आणि तेव्हापासून जो आला तो मोझिलाच झाला. गेको हे नेटस्केपच्या घरातलं नवं इंजिन. ३१ मार्च १९९८ ला नेटस्केपने आपला कोड खुला केला, त्यातून पुढे मोझिला प्रकल्प आणि २००४ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स १.० आला. त्या घराण्याची कथा मोठी आहे, पण तुमच्या दोन्ही फोनांत गेको नाही, म्हणून मी केएचटीएमएल या दुसऱ्या इंजिनाकडे वळतो, ज्यातून ॲपलचं वेबकिट निघालं.

लिनक्सवर माउसने चालवता येईल असा नीटनेटका डेस्कटॉप हवा म्हणून माथियास एट्रिखने १९९६ मध्ये केडीई सुरू केलं. त्यांना फाइल मॅनेजरमध्येच वेबपान दाखवायचं होतं. त्यासाठीचं जुनं केएचटीएमएल पुरेना, तेव्हा १९९९ मध्ये लार्स क्नोलने ते बऱ्याच अंशी नव्याने लिहायला घेतलं. हारी पोर्टेनने केजेएस नावाचं जावास्क्रिप्टचं इंजिन केलं. बरोबर अँटी कोइविस्तो, डिर्क म्युलर अशी मोजकी मंडळी. ऑक्टोबर २००० मध्ये केडीई २.० आलं आणि त्यात कॉन्करर ब्राउझर होता. आधी नॅव्हिगेटर, मग एक्स्प्लोरर, मग जग जिंकणारा कॉन्करर, असा नावातला विनोद.

मी तो पहिल्यांदा एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या लिनक्सच्या सीडीतून चढवला. लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेलं मशीन, ६४ एमबी रॅम. त्यावर मोझिला उघडलं की हार्डडिस्क करकरत बसायची आणि तोवर चहा होऊन जायचा. कॉन्करर चटकन उघडायचा. निम्म्या साइट्स त्यात तुटक्या दिसायच्या ही गोष्ट खरी, पण ज्या दिसायच्या त्या पटकन दिसायच्या. "लहान आणि स्वच्छ" म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. ॲपललाही नेमकं तेच आवडलं असणार.

ॲपलने २००१ च्या जूनमध्ये डॉन मेल्टनला स्वतःचा ब्राउझर करायला घेतलं. त्याच्याबरोबर केन कोसिएंडा होता, पुढे २००२ मध्ये मोझिलातून डेव्ह हायट आला. मेल्टन नेटस्केपमधून आलेला, हायट गेकोवर काम केलेला. तरी त्यांनी गेको घेतलं नाही. ७ जानेवारी २००३ ला स्टीव्ह जॉब्सने सफारी जाहीर केला, त्याच दिवशी मेल्टनने केडीईच्या मंडळींना पत्र पाठवून कारण सांगितलं: कोड एक लाख चाळीस हजार ओळींच्या आत, वाचायला सोपा, रचना स्वच्छ. तोपर्यंत केडीईवाल्यांना आपला कोड ॲपल वापरतंय याचा पत्ताच नव्हता. गुप्तता इतकी की ॲपलच्या आवारातून चाचणीसाठी बाहेर जाणारा सफारी साइट्सना आपलं नाव इंटरनेट एक्स्प्लोरर किंवा मोझिला असं सांगायचा. "केएचटीएमएल, लाइक गेको" ही कंसातली गंमतही त्यांचीच. साइट्स गेको हा शब्द शोधायच्या, म्हणून खरं नाव सांगून पुढे "गेकोसारखा" जोडलं. खोटंही नाही आणि कामही झालं!

इथे पहिली कुरबुर सुरू होते, आणि ती नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढे २०१३ मध्ये हेच दुसऱ्या पात्रांनी पुन्हा केलं. केएचटीएमएल उभं होतं क्यूटी या लायब्ररीवर. ॲपलला मॅकवर क्यूटी नको होतं. मग त्यांनी केडब्ल्यूक्यू नावाचा एक थर लिहिला, तोंडी "क्वॅक" म्हणायचे, जो केएचटीएमएलला क्यूटीचा भास द्यायचा आणि आतून मॅकच्या सोयी वापरायचा. त्याबरोबर मूळ कोडमध्येही हजारो दुरुस्त्या झाल्या, काही मॅकशी घट्ट जोडलेल्या. एलजीपीएल या खुल्या परवान्याप्रमाणे बदललेला कोड देणं भाग होतं, तो त्यांनी दिला. पण कसा? सफारीची नवी आवृत्ती आली की एक गाठोडं. कुठली ओळ कधी बदलली, का बदलली, कुठल्या बगसाठी बदलली, याचा इतिहास नाही. ज्याने कोणी महिनाभर न केलेला रिव्ह्यू एका दिवसात उरकायचा प्रयत्न केलाय त्याला हे दुःख कळेल. पन्नास फाइल्सचा एक डिफ (बदलांची यादी) म्हणजे पॅच (दुरुस्ती) नव्हे, तो पंचनाम्याला आणलेला ढीग असतो.

एप्रिल २००५ मध्ये हे उघड्यावर आलं. त्या महिन्यात ॲसिड२ नावाची एक चाचणी आली होती. पानावर हसरा चेहरा नीट उमटला तर तुमचं इंजिन सीएसएसचे, म्हणजे पानाच्या मांडणीचे, नियम पाळतं असं समजायचं. दोन आठवड्यांत हायटने सफारीच्या आतल्या बिल्डवर तो चेहरा हसवून दाखवला. लोक केडीईला विचारू लागले, मग कॉन्कररमध्ये हे कधी येणार? तेव्हा केडीईच्या झॅक रुसिनने जाहीरपणे लिहिलं की ॲपलचे बदल आपल्याकडे सहज येतात हा समज चुकीचा आहे, आणि हे सहकार्य लोकांना वाटतं तसं नाही. माझ्या मते त्या एका लेखाने वेबच्या इतिहासात मोठ्या कंपन्यांच्या कित्येक निवेदनांहून जास्त काम केलं. जून २००५ मध्ये ॲपलने वेबकिट खऱ्या अर्थाने खुलं केलं: चालू कोड, बदलांचा इतिहास, दोष नोंदवायला बगझिला, बाहेरच्यांना आपले बदल थेट जमा (कमिट) करायची सोय. कॉन्कररनेही त्याच जूनमध्ये ॲसिड२ पार केली, बरंचसं स्वतःच्या हिमतीवर.

वेबकिट खुलं झालं आणि लोक धावले. नोकियाने त्याच वर्षी एस६० फोनांसाठी ते घेतलं. २००७ मध्ये आयफोन, २००८ मध्ये अँड्रॉइड, आणि २ सप्टेंबर २००८ ला क्रोम. क्रोमने पान मांडायला वेबकिट घेतलं, पण जावास्क्रिप्टसाठी केजेएसचा वंशज न घेता डेन्मार्कमध्ये लार्स बाकच्या चमूने केलेलं व्ही८ लावलं. प्रत्येक टॅब वेगळ्या प्रोसेसमध्ये टाकली, म्हणजे एक पान कोसळलं तरी बाकीची जगतात. ही विभागणी गूगलने वेबकिटच्या वरच्या थरात, आपल्या घरात केली. ॲपलला तीच सोय इंजिनाच्या आत हवी होती, म्हणजे जो कोणी वेबकिट वापरेल त्याला ती आयती मिळेल. २०१० च्या एप्रिलमध्ये त्यांनी वेबकिट२ जाहीर केलं. एकाच वाड्यात दोघांनी दोन वेगळ्या जागी भिंती घातल्या, असं ते झालं.

बाहेरून "सगळे वेबकिट, म्हणजे सगळं सारखं" असं वाटायचं. प्रत्यक्षात मॅक, क्रोमियम (क्रोमचा खुला कोड), क्यूटी, जीटीके अशी कित्येक पोर्ट्स, म्हणजे निरनिराळ्या ठिकाणी चालणारी रूपं, होती आणि प्रत्येकाची बिल्ड पद्धत निराळी. एक नवी फाइल घातली की तिचं नाव अनेक ठिकाणी नोंदवायचं. एकच डॉम (पानाची ब्राउझरच्या आतली रचना), पण जावास्क्रिप्टची इंजिनं दोन, म्हणून जोडणीचा कोडही दोन प्रकारचा. तुमचा बदल तुमच्या मशीनवर चालतो, पण ज्या पोर्टचं तुम्ही तोंडही पाहिलेलं नाही त्याचा आपोआप चाचणी घेणारा बॉट लाल होतो, आणि मग तुमचा दिवस त्याच्यात जातो.

३ एप्रिल २०१३ ला गूगलने चूल वेगळी मांडली आणि तिला ब्लिंक नाव दिलं. त्यांनी तेव्हा सांगितलेला हिशोब बोलका आहे: सात बिल्ड पद्धती काढता येतील, सात हजारांहून जास्त फाइल्स, म्हणजे पंचेचाळीस लाखांहून जास्त ओळी, सरळ पुसता येतील. या ओळी वाईट नव्हत्या, फक्त दुसऱ्याच्या उपयोगाच्या होत्या. मला कोणी विचारलं की फोर्क, म्हणजे एका कोडच्या अशा दोन वाटा, का होतात, तर मी भांडण, अहंकार, पैसा यांच्या आधी हा आकडा सांगतो. एकत्र राहण्याची रोजची मजुरी वेगळं होण्याच्या खर्चाहून वाढली की वाटणी होते. केडीई आणि ॲपलमध्ये हेच झालं, ॲपल आणि गूगलमध्येही हेच. वाटणीच्या वेळी वेबकिटचा आकडा ५३७.३६ होता, ब्लिंकने तो तिथेच गोठवला, आणि जुलै २०१३ च्या क्रोम २८ पासून आजपर्यंत तो तसाच छापून येतोय.

पुढचं झरझर. ऑपेराने २०१३ च्या फेब्रुवारीतच स्वतःचं प्रेस्टो इंजिन सोडून क्रोमियम धरलं होतं, ते ब्लिंकबरोबर गेले. मायक्रोसॉफ्टने ६ डिसेंबर २०१८ ला शरणागती जाहीर केली आणि जानेवारी २०२० मध्ये नवं एज क्रोमियमवर आलं. मोझिलाने रस्ट भाषेत सर्वो हे नवं इंजिन करायला घेतलं होतं, त्याचा सीएसएसचा भाग २०१७ च्या फायरफॉक्स ५७ मध्ये आला, पण २०२० मध्ये तो चमू कमी केला गेला. सर्वो आता लिनक्स फाउंडेशनकडे जिवंत आहे. मूळ केएचटीएमएल २०२३ मध्ये बंद झालं. आज कॉन्करर उघडलात तर पान रंगवतं क्यूटी वेबइंजिन, म्हणजे क्रोमियम. नातवाच्या घरी आजोबा भाड्याने राहतात.

कंपन्यांच्या नावांनी इतिहास सांगितला की एक गोष्ट हमखास सुटते: काम प्रत्यक्षात कोण करतं. तुम्ही रोज सीएसएस ग्रिड, म्हणजे पान चौकटींत मांडायची सोय, वापरत असाल. ब्लिंक आणि वेबकिटमधलं ग्रिड इगालिया नावाच्या स्पेनमधल्या छोट्या सहकारी कंपनीने लिहिलं आणि पैसे ब्लूमबर्गने दिले, कारण त्यांच्या शेअरबाजाराच्या पडद्यांना चौकटी लागतात. मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी, तिन्हींत ग्रिड एका महिन्यात आलं. फ्लोट या जुन्या पद्धतीवर तीन कॉलम उभे करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे तो मार्च मला पगारवाढीपेक्षा लख्ख आठवतो.

आता जे इंग्रजी इतिहासांत दोन ओळींत संपतं ते, कारण आपण देवनागरीत काम करतो. विंडोज एक्सपीवर मराठी जोडाक्षरं नीट दिसायला कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकटीत खूण करावी लागायची, आणि मग ते मशीन सीडी मागायचं. सायबर कॅफेवाला सीडी कुठून देणार? मंगल हा विंडोजचा देवनागरी फाँट आपल्याच पवईच्या आयआयटीत शिकवणाऱ्या र. कृ. जोशींनी घडवलेला, पण ती एक खूण नसेल तर "विठ्ठल" मधली वेलांटी वेगळीच लोंबायची. अँड्रॉइड २ वर तर नुसत्या चौकोनांची रांग. तेव्हा लोकलमध्ये लोक ऑपेरा मिनीच्या पत्त्याच्या जागी ऑपेरा:कॉन्फिग लिहून बिटमॅप फाँटचा पर्याय चालू करायचे. अक्षरं सर्व्हरवर चित्र होऊन यायची आणि डोंबिवली ते सीएसटी पेपर वाचून व्हायचा.

अक्षरं जुळवायचं हे काम आज ब्लिंक आणि गेको दोन्हींत हार्फबझ ही लायब्ररी करते, जी बेहदाद एस्फहबोदने नव्याने लिहिली. तिच्या जुन्या अवतारात क्यूटीकडून आलेला भारतीय लिप्यांचा कोड होता, आणि तो लिहिणारा होता लार्स क्नोल. हो, केएचटीएमएलवालाच. आयफोनवर मात्र वेबकिट हे काम ॲपलच्या कोअर टेक्स्टकडे सोपवतं. म्हणजे तुमच्या दोन फोनांवर मराठी शब्द जुळवणारा कोडही वेगळा.

यावरून माझीच एक फजिती. सह्याद्रीत भटकणाऱ्या एका गटाची साइट केली होती. एके दिवशी फोन आला, "अहो, आमच्या दऱ्या गेल्या कुठे?" पाहतो तर सगळीकडे "सह्याद्रीच्या दर्या". दरीचा समुद्र झालेला! मी ब्राउझरला शिव्या घातल्या, दोन दिवस इंजिनाचा बग म्हणून पुरावे गोळा केले, रिपोर्टसुद्धा लिहून ठेवला. मग मूळ मजकुरातले युनिकोड आकडे एकेक करून पाहिले. त्यांच्या कीबोर्डने "ऱ्य" हे साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून लिहिलेलं. आणि फॉर्ममधला कचरा काढायला म्हणून मीच एक ओळ लिहिली होती, जी सगळी शून्य रुंदीची चिन्हं पुसून टाकायची. जोडचिन्ह गेलं की र चा रफार होतो, नियमाप्रमाणेच. इंजिन बिचारं बरोबर होतं. तेव्हापासून मराठी मजकुरावर असं काही चालवण्याआधी मी "दऱ्या" हा शब्द चाचणीत घालतो. पानाला मराठी भाषेची खूण, म्हणजे लँगमध्ये एमआर, तीही विसरू नका. फाँटात सोय असेल तर मराठी वळणाचे ल आणि श त्यावरूनच निवडले जातात.

आता तुमची साइट. नेमकं काय मोडतंय ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझा अनुभव असा की तीनांपैकी एक असतं. पूर्ण उंचीसाठी १०० व्हीएच (पडद्याच्या उंचीचं माप) दिलेलं असतं आणि आयफोनवर पत्त्याची पट्टी खालचं बटण खाते. तिथे डीव्हीएच (पट्टीप्रमाणे बदलणारं माप) वापरा. किंवा तारीख आणि वेळ मधे मोकळी जागा ठेवून जावास्क्रिप्टला दिलेली असते, जी जुन्या आयफोनवर वाचलीच जात नाही. किंवा एखादी सीएसएसची सोय त्या फोनच्या आयओएसला अजून मिळालेली नसते. लक्षात ठेवा, तिथे क्रोम अपडेट करून इंजिन बदलत नाही, आयओएस बदलावं लागतं.

मॅक नसेल तर प्लेराइट या ब्राउझर-चाचणीच्या साधनाबरोबर येणारं वेबकिट लिनक्सवर चालवून मांडणीचे बरेच दोष सापडतात. मराठी अक्षरांसाठी मात्र त्यावर विसंबू नका, कारण लिनक्सवरचं वेबकिट हार्फबझ वापरतं, कोअर टेक्स्ट नाही. त्यासाठी ऑफिसात एक जुना, काच तडकलेला का असेना, आयफोन ठेवावा लागतो. आमच्याकडे तो ड्रॉवरमध्ये असतो आणि चार्जर नेहमी दुसऱ्याच कोणाच्या तरी टेबलावर.

आणि लॉग चाळताना नावं वाचत बसू नका, ॲपलवेबकिटपुढचा आकडा पाहा. ५३७.३६ असेल तर ते ब्लिंक. ६०५.१.१५ असेल तर वेबकिट, ॲपलनेही आपला आकडा तिथे गोठवलाय. आयफोनवरचं क्रोम याच दुसऱ्या गटात, क्रोमच्या जागी "सीआरआयओएस" लिहून सापडेल. मोडल्याच्या तक्रारी या आकड्यांनी वेगळ्या करून बघा आणि त्यातली एक ओळ, आयओएसच्या आवृत्तीसकट, मला पाठवा.